आम्रपालीची सही

मी एक जुना लॅपटॉप आहे. मित्रांनो, माझी डावी बिजागरी तुटली आहे, म्हणून मला भिंतीला टेकवून उघडावं लागतं. ती आपोआप तुटलेली नाही.

गीताबाईंनी मला महाडहून नाते गावी आणलं ते त्यांच्या मुलीसाठी, आम्रपालीसाठी. ती माझ्यावर रस्ट शिकली. ही नवी प्रोग्रामिंग भाषा मोठी खाष्ट. चूक दिसली की प्रोग्राम तयारच होऊ देत नाही. आम्रपाली वैतागायची, पण म्हणायची, "आत्ता अडवलेलं बरं, ऐन पावसात बंद पडण्यापेक्षा." ती दरडीच्या इशाऱ्याचा प्रोग्राम लिहीत होती. वरंध घाटाकडच्या वाड्यांत पाऊस मोजायचा आणि धोका वाढला की भोंगे वाजवायचे.

कुणी खोडसाळपणे ते वाजवू नयेत म्हणून प्रत्येक आदेशाला तिने डिजिटल सही जोडली. उद्याचे क्वांटम संगणक आजची पुष्कळ कुलपं फोडतील म्हणतात. तिने त्यांनाही दाद न देणारी पद्धत निवडली. त्या सहीची किल्ली फक्त माझ्यात होती. मला केवढा अभिमान वाटायचा!

ती महाडला प्रवीण सरांच्या संगणक क्लासमध्ये शिकवायची. सरांनी खटपट करून भोंगे मिळवले, हे खरं. पण उद्घाटनाच्या पत्रिकेवर 'निर्मिती' म्हणून त्यांचं एकट्याचंच नाव छापलेलं. तिने विचारलं तेव्हा ते हसले.

"तुझं नाव, तुझी वस्ती कळली तर वरच्या वाड्यांतले लोक भोंगा लावून घेतील का? जरा समजून घे."

ती मला पिशवीत घालून निघाली. सरांनी मला हिसकावलं, आणि त्या ओढाताणीत मी फरशीवर आपटलो. तिने मला पदराआड धरावं तसं ओढणीत गुंडाळून घरी नेलं.

प्रोग्रामची प्रत सरांकडे होती, किल्ली नव्हती. मंचावर त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. आदेशावर सही नाही म्हणून भोंग्याने तो नाकारला. सगळी सभा हसली म्हणे. हे ऐकून मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

मग पाऊस तोंडावर आला आणि वरंधकडच्या एका वाडीचे श्रीपतकाका जीप घेऊन आमच्या अंगणात उतरले. मागून सर.

"पोरी, तुमचं भांडण तुमच्यापाशी. माझ्या वाडीवर डोंगर हाय."

नाही म्हण, मी मनात ओरडलो.

"भोंगे आजच चालू करते, काका. पण आधी सरांनी सांगायचं, हे कुणी लिहिलं."

शेजारीपाजारी जमले होते. सर काहीतरी पुटपुटले.

"मागं ऐकू आलं नाय," दारातून गीताबाई म्हणाल्या.

"आम्रपालीने लिहिलं!"

"आणि माझं नाव का नाही घातलं, तेही सांगा."

सरांचा चेहरा उतरला. तिची वस्ती कळली तर वरच्या वाड्यांतले लोक भोंगा घेणार नाहीत, हे शब्द अडखळत बाहेर पडले. श्रीपतकाका त्यांच्याकडे वळले.

"आमच्या नावावर बोललास हे? आमाला इचारलंस कवा?"

आम्रपालीने मला उघडलं. सही पहिल्याच फटक्यात उमटली. थोड्या वेळाने वाडीवरून फोन आला, भोंगा वाजला. काका हात जोडून जीपमध्ये बसले. सर मागोमाग चढू लागले, तर काकांनी दार ओढून घेतलं.

"तू रिक्षानं ये."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना ओल लागू देऊ नका, आमची धूळ पुसा. पण ज्याचं काम, त्याचं नाव मात्र पुसू नका. हल्ली सर बाजारात दिसले की आम्रपाली नमस्कार करते. तिने माफ केलं असेल. मी केलेलं नाही.