मनगटापर्यंत मेलेला हात

रुपीचा उजवा हात मनगटापर्यंत मेला होता. निखारा लागला तरी बोटांना कळत नसे, आणि मनगटाच्या वर माशी बसली तरी समजे. सासू कोंडी गेली त्याच दिवशी हे झालं. पोशेऱ्यासारख्या गावात अशा दोन गोष्टी एका दिवशी घडल्या, की लोक लगेच तिसरी शोधायला लागतात.

नवरा लक्ष्या तिला पायपीट करत जव्हारला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी सुई टोचली, बोटं वाकवून पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, "शिरा अशा बांगडीच्या रेषेवर तुटत नाहीत. हाताला काही झालेलं नाही. हिच्या मनात काय सलतंय ते विचारा." साता समुद्रापलीकडचे काही डॉक्टर तेव्हा नुकतंच म्हणायला लागले होते, की माणूस जे सोसवत नाही ते विसरतो, पण ते मरत नाही. मनाच्या तळाशी बसून राहतं, स्वप्नात येतं, नाहीतर अंगातून बोलतं. या डॉक्टरांनी ते कुठंतरी वाचलं असावं. पण शहाण्याचं बोलणं डोंगर चढून गावात पोचेपर्यंत त्याचं काय होईल याचा नेम नाही. हाताला काही झालेलं नाही, म्हणजे कुणीतरी केलंय, एवढंच लक्ष्यानं गावात आणलं. आणि केलं म्हणजे करणी करणाऱ्या भुताळीनंच. नावही आधीच ठरलेलं होतं. शेजारची गौरा. विधवा, एकटी आणि तोंडानं फटकळ. आणखी काय लागतं?

रुपीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. लग्न होऊन आली तेव्हापासून या घरात तिला टाकून बोलणारी कोंडी होती आणि जवळ घेणारी गौरा. भुताळी ठरलेल्या बाईचं काय होतं ते रुपीनं लहानपणी पाहिलं होतं. मिरचीची धुरी, काठ्या, आणि मग रिकामी झोपडी. पण याहून मोठी एक भीती तिच्या आत होती आणि ती कसली हे तिलाच कळत नव्हतं. डोळा लागला की एकच स्वप्न पडे. हातात पाण्यानं भरलेला भोपळ्याचा तुंबा, आणि कुणीतरी पाणी मागतंय. ती दचकून उठे तेव्हा तिचंच तोंड कोरडं पडलेलं असे.

नवव्या दिवशी सकाळी भुताळी ओळखायला सावळा भगत आला. अंगणात सूप मांडून त्यानं तांदूळ पसरले. सगळा पाडा जमला होता. गौराला दोघांनी दंडाला धरून मेढीच्या खांबापाशी उभी केली होती.

"मेलेला हात सुपात ठेव," भगत रुपीला म्हणाला. "मी नावं घेतो. ज्या नावावर दाना एकटा उरंल, ती भुताळी."

त्यानं एक नाव घेतलं, चिमूट उचलली, दाणे जोडीजोडीनं मांडले. सगळ्या जोड्या जुळल्या. दुसऱ्या नावालाही जुळल्या. तिसरं नाव गौराचं. एक दाणा उरला.

लोक ओरडले. कुणीतरी काठी उचलली.

"रुपे!" गौरा किंचाळली. "मी तुझां काय वाकडां केलां गं? सांग ना यांना!"

भगतानं हात वर करून लोकांना थांबवलं. भुताळी स्वप्नात येते, तेवढं आजाऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायची त्याची रीत होती.

"सपनात कोन येतां?"

"पानी मागतां कोनीतरी."

"तोंड बघ तिचां."

रुपीनं डोळे मिटले. तिला बघायचं नव्हतं.

"आत्या गेली तवा मी झऱ्यावर होते," ती एकदम म्हणाली.

सासूबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं. नऊ दिवस ती सगळ्यांना हेच सांगत होती आणि स्वतःही तेच खरं मानत होती. पण स्वप्नातला तुंबा भरलेला होता, आणि तो घेऊन ती झऱ्यावर नव्हती. ती घराच्या दारात उभी होती.

मग तिला सगळंच दिसलं. भर दुपार. माणसं शेतात राब भाजायला गेलेली. चटईवर तापानं फणफणलेली कोंडी. त्याच सकाळी कोंडी रुपीच्यादेखत लक्ष्याला म्हणाली होती, "हिला पोर होत नाय, दुसरी कर." आणि आता ती पाणी मागत होती.

"मी झऱ्यावर नव्हते," रुपी म्हणाली. "पानी घेऊन आले होते. आत्या मागत होती. मी नाय दिलां. तुंबा खुंटीला लावला, या हातानं, आन् घरामागं जाऊन बसले. तिचा आवाज बंद होईतो बसले."

सुपातल्या बोटांना मुंग्या आल्या. आधी करंगळी हलली, मग सगळी बोटं तांदळावर मिटली. रुपीनं मूठ उचलून डोळ्यांपुढं धरली. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिची छाती मोकळी झाली.

"हात आला!" ती रडत रडत हसली. "बघा! गौराकाकीनं काय नाय केलां. सोडा तिला!"

त्यांनी गौराला सोडलं. भगत सूप उचलून मागं सरकला. लक्ष्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कबूल झाली, आन् लगेच हात आला," भगत हळूच म्हणाला. "भुताळी घरातच होती."

काठी खाली गेली नव्हती. रुपीला कळायला क्षणभर लागला. मग ती धडपडत गौराकडं धावली आणि आधारासाठी तोच हात पुढं केला.

गौरानं त्या हाताकडं पाहिलं. पदर आवरून घेतला, आणि ती माणसांच्या मागं जाऊन उभी राहिली.