मालूच्या वाट्याची दहा मिनिटं

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत अंबुबाईच्या हातून एकोणीस वर्षांत एकही कोर मोडला नव्हता. ओतकाम आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात बसवायचा हा वाळूचा गाभा. भट्टीत भाजून निघेपर्यंत इतका नाजूक, की जरा जोरात धरला तर भुगा. मोडायचे ते मालुबाईचे. आणि चहा कुणाला? मालुबाईलाच!

महिनाभर हेच चाललं होतं. मालूचा नवरा अपघातात गेला, आणि कामावर परत आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. दिवसाला चार-चार कोर फुटायचे. मॅनेजर विनोदसाहेबांनी तिला ओरडायचं सोडून तपासणीच्या टेबलावर बसवलं. वर रोज साडेदहाला स्वतः दोन कप घेऊन तिच्यासमोर बसायला लागले. दहा मिनिटं, कामाचा विषय नाही. अंबुबाई घड्याळ बघायची. कधी बारा मिनिटं व्हायची, कधी चौदासुद्धा.

तिच्या पोटात दुखायचं ते तिथं. चहाचं तिला काय अप्रूप! वडगावातल्या तिच्या घरचे दोन्ही माग वर्षापूर्वी विकले गेले, तेव्हापासून नवरा तम्मण्णा मागाच्या रिकाम्या जागेकडं तोंड करून बसून असायचा. "जेवलासा?" म्हटलं की मान हलवायचा, तेवढंच. मागाच्या खडखडाटात ओरडून ओरडून गप्पा मारणारी ती दोघं आता शांत घरात मुकी झाली होती. इथं मालूला मात्र विचारायला साक्षात साहेब! आणि साहेब तरी कोण? शिकाऊ म्हणून आला तेव्हा कोर दोन्ही तळहातांवर कसा उचलायचा, हे तो अंबुबाईकडूनच शिकलेला.

"लई नशीबवान बाई तू, मालू," एकदा ती बोलून गेली. नवरा गेलेल्या बाईला आपण काय बोललो, हे ध्यानात आल्यावर अंबुबाईला स्वतःची लाज वाटली. पण जळणं काही थांबलं नाही.

बुधवारी विनोदसाहेब दोन कप घेऊन नेहमीसारखे तिच्या शेजारून गेले.

"बरं हाय न्हवं, अंबुआक्का?" असं चालता चालता विचारलं, पण उत्तराला थांबले नाहीत.

अंबुबाईनं हातातला कोर सोडून दिला. चक्क मुद्दाम.

साहेबांनी वळून बघितलं. "असू दे आक्का, हुतं कधीतरी," म्हणाले, आणि मालूसमोर जाऊन बसले.

अंबुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस वर्षांत पहिला कोर फोडला, त्याची ही किंमत! तिनं रागारागानं दुसरा उचलला. हा मात्र तिला नीट ठेवायचा होता. पण हात ऐकेनात. बोटं थरथरायला लागली आणि कोर निसटला. तिसऱ्याला तिनं हातच लावला नाही. भुग्याकडं बघत नुसती उभी राहिली.

आधी ओळखलं ते मालूनं. त्या थरथरण्याची तिला चांगली माहिती होती. ती उठली, आपली खुर्ची ओढत अंबुबाईपाशी घेऊन आली आणि तिला खांदे धरून बसवलं.

"साहेब, आज हितं बसा," ती म्हणाली. "माझा चहा आक्काला द्या."

विनोदसाहेब समोर एका पेटीवर बसले. मालूचा कप त्यांनी अंबुबाईपुढं धरला. मग म्हणाले, "चुकलंच माझं, आक्का. तुमचा कोर कधी मोडत न्हाय, तवा तुमचं समदं बरंच असणार, असं धरून चाललो मी."

अंबुबाईनं कप दोन्ही हातांत धरला. आयुष्यभराचं 'बरं हाय' ओठावर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"पहिला मी मुद्दाम टाकला, साहेब. मालूवर जळत हुतो मी."

"कळलं मला. आणि दुसरा?"

तिनं आपल्या बोटांकडं बघितलं.

"दुसरा न्हाय," ती म्हणाली, आणि तम्मण्णाबद्दल सांगायला लागली. साडेदहाचे अकरा वाजून गेले. घड्याळाकडं बघायचं अंबुबाई त्या दिवशी विसरली.