लेकरं नसलेला वाफा

साल १९६२. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातल्या आमच्या चर्चमागे, ओकच्या सावलीत, ऑर्फा लेडफर्डने एकोणीस वर्षं ट्रिलियमचा वाफा सांभाळला होता. झाडांना पालवी फुटायच्या आत ही तीन पाकळ्यांची पांढरी फुलं येतात आणि भर उन्हाळ्यात पानांसकट जमिनीत गडप होतात. बी पेरलं तर पहिलं फूल दिसायला सात वर्षं लागतात.

तो वाफा बँकवाल्याची बायको मॅक्सिन हॉलकॉम्ब हिला हवा होता. एप्रिलमध्ये तिने पाद्रीबुवांना आणि ऑर्फासकट महिला मंडळाला आपल्या अंगणात केक खायला बोलावलं. सावलीत पन्नास ट्रिलियम कवायतीसारखी ओळीत उभी, एकूण एक फुललेली.

"सगळी मी बियांपासून वाढवलीत," मॅक्सिन म्हणाली. "ऑर्फा मावशींचे आता गुडघे चालत नाहीत. चर्चचा वाफा माझ्याकडे दिलात तर त्यांनाच आराम."

पाद्रीबुवा केक चावत मान डोलवू लागले. ऑर्फाने केकची बशी खाली ठेवली. वाफा गेला तर हिवाळा सरल्यावर उठून जायचं कुठे? ती उठली, तेच दुखरे गुडघे मातीत टेकले आणि बोटांनी पानं बाजूला केली.

"मॅक्सिन, यांची लेकरं कुठायत?"

"कसली लेकरं?"

"बी दरवर्षी गळतं. मुंग्या ओढून नेतात, मग इथेतिथे उगवतं. एकपानी पोरं असतात, तीन पानांची बिनफुलाची असतात. तुझ्याकडे सगळे बापेच. हे घर आहे की फौजेची बराक?"

कुणीतरी खोकलं.

"पलीकडच्या रानात परवा मी खड्डे बघितले, पाद्रीबुवा. पन्नासेक असतील. रानडुकरं हल्ली फार टापटिपीने खणतात."

"माळ्याने आणली असतील काही," मॅक्सिन पुटपुटली.

"आणू दे गं. पुढच्या वर्षी विचारू त्यांनाच, उगवली तर."

वाफा ऑर्फाकडेच राहिला.

पुढच्या वसंतात पन्नासातली चार उगवली. मॅक्सिनने प्लास्टिकची फुलं आणली. ती तिच्या हाताखाली छान टिकली. नंतर मॅक्सिन शार्लट शहरात राहायला गेली. पाद्रीबुवा जो केक देईल त्याच्या बागेची स्तुती करत निवृत्त झाले. ऑर्फा १९७४च्या हिवाळ्यात वारली. तिची ट्रिलियम कुंपण ओलांडून कबरींपर्यंत पोचलीत.

तिची पहिली रोपं आईने त्याच रानातून, एप्रनच्या ओच्यात घालून आणली होती. ऑर्फा हे चारचौघांत कधी बोलली नाही. लाज म्हणून नव्हे. आईने तीनच आणली होती.