इंदूला विचारल्याशिवाय

हे मी सांगायला नको होतं. कुणाचा अंगठा कशावर उमटला, हे आम्ही शाईच्या डब्या कधी बोलत नाही. पण एक गोष्ट मला आत ठेवता येत नाही.

मी सिंदेवाहीच्या तहसील कचेरीसमोर दस्त लिहिणाऱ्या दीपालीताईंची डबी. चिखलाने भेगाळलेले, मेंदीने रंगलेले, कितीतरी अंगठे माझ्या निळ्या गादीवर टेकून गेले. एकच अजून मला छळतो. त्याचा ठसा कुठेच उमटला नाही.

तो लटारूभाऊंचा. त्यांना विसर पडू लागला तेव्हाच दीपालीताईंनी त्यांच्या बायकोला, इंदुताईंना, सांगितलं होतं, की त्यांना समजतंय तोवर बक्षीसपत्राने जमीन आपल्या नावे करून घ्या. धानाच्या शेतातली एखादी बांधी विकून औषधपाणी तरी होईल. इंदुताई म्हणाल्या, रोवणी झाली की येते. मग म्हणाल्या, कापणी झाली की. खरं म्हणजे त्यांना गावाला कळू द्यायचं नव्हतं. कुणी समोर आलं की त्या नवऱ्याच्या कानात नाव सांगत: हा पत्रू, ही सुकरी. या वयातही दोघं कुजबुजतात म्हणून बाया हसत.

शेवटी नवऱ्याला घेऊन आल्या. नोंदणी कचेरीतल्या साहेबांनी लटारूभाऊंना विचारलं, जमीन कुणाला देता? सवयीने इंदुताईच कानात पुटपुटल्या. साहेबांनी ते ऐकलं आणि देणाऱ्यालाच समजत नाही म्हणून दस्त परत केला.

घरीच ठसा घे, कोण पाहते, असं दिराने, मुखरूने, त्यांना सांगितलं. इंदुताईंनी मला गुपचूप पिशवीत टाकून नेलं. दुपारी लटारूभाऊ खाटेवर बसले होते. इंदुताईंनी त्यांचा अंगठा माझ्यावर दाबला. गार होता. कागदापाशी येऊन तो अडला.

"थांबा बाई. इंदूले इचारल्याबिगर मी अंगठा नाई देत."

"मीच इंदू आहो ना जी."

ते हसले. "तुमी चांगल्या आहा, रोज जेवू घालता. पन इंदू मोहफुलं येचाले गेली. येईल आता."

इंदुताईंनी पदराने अंगठा पुसला. निळा डाग राहिलाच. मग दोघंही दाराकडे बघत बसली, इंदूची वाट पाहत.

मला परत आणून दिलं तेव्हा दीपालीताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आता नागपूरच्या हायकोर्टातून तुम्हाला त्यांच्या पालक म्हणून नेमून घ्यावं लागेल. डॉक्टरांचा दाखला लागेल, आणि तुमचं प्रतिज्ञापत्र. आज ते तयार आहे. 'माझा नवरा मला ओळखत नाही,' हे वाक्य दीपालीताईंनी हळू आवाजात वाचलं, तरी इंदुताईंनी मागे वळून कुणी ऐकलं का ते पाहिलं.

तुमच्या घरात कुणी नावं विसरू लागलं असेल, तर कापणीची वाट पाहू नका.

"इंदुताई, डबी इकडे सरकवा," दीपालीताई हाक मारताहेत. माझं झाकण उघडलंय. इंदुताईंचा अंगठा वरच थांबलाय. त्यांना माहीत नाही, त्या दुपारी त्या पाणी आणायला आत गेल्या तेव्हा लटारूभाऊ माझ्यावर वाकून म्हणाले होते, की इंदू आली की सारी जमीन तिच्याच नावे करायची.