हिवरटाकळीला बस सुरू झाली

हिवरटाकळीला एसटी सुरू झाली, तेव्हा पहिले तीन दिवस गावातलं एकही पोरगं कॉलेजला वेळेवर पोचलं नाही. त्याआधी असं कधी झालं नव्हतं. तोवर रामकिसनची जीप होती. आत मावतील तितकी माणसं, मागं लटकतील तितकी पोरं, आणि पुढं रामकिसनच्या मांडीला मांडी लावून दोन म्हाताऱ्या, अशी ती सकाळी निघायची आणि कॉलेजचा पहिला तास सुरू व्हायच्या आत तालुक्याला टेकायची. बस येणार हे पक्कं झाल्यावर रामकिसननं जीप मुकाट्यानं साखर कारखान्याच्या रस्त्याला लावली. सरकारच्या गाडीपुढं आपली काय गत, असं तो म्हणाला.

बबिता तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. घर मेंढपाळाचं. बाप सटवा त्या दिवसांत मेंढरं शिवारातच बसवून होता, म्हणून रोज रात्री जेवायला घरी यायचा. नेकनूरकडचं एक स्थळ त्यानं लेकीसाठी थांबवून धरलं होतं. वर्ष पार पडू द्या, असा निरोप त्यानं तिकडं दिला होता, आणि बबितालाही एवढंच सांगितलं होतं की पास झालीस तर पुढं शीक, पण हे वर्ष वाया गेलं तर पुन्हा मुदत मागू नको. त्यात राग नव्हता. सटवा शब्द देताना एकदाच द्यायचा. आणि वर्ष अडलं होतं ते गुरुवारच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकावर. दहाला दार लागणार, बाहेर राहील तो नापास.

बस खरं तर कॉलेजच्या पोरींनी मागितली होती. त्यांनी आगारात खेटे घातले, साहेबांच्या टेबलापुढं उभ्या राहिल्या, एकदा तर डबे तिथंच उघडून बसल्या. बस मंजूर झाल्यावर मात्र असं दिसून आलं की ती विजयसिंहांनी आणली होती. दुपारपर्यंत असंही दिसून आलं की ती मोहनरावांनी आणली होती. गावात जमीन या दोघांची, पुढारपणही या दोघांचंच, आणि एकाच्या मांडवात दुसरा गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

सोमवारी विजयसिंहांनी आपल्या वाड्यापुढं बस थांबवून उद्घाटन केलं. बॉनेटवर नारळ फुटला, ड्रायव्हर शिवशंकरला टॉवेल-टोपी मिळाली, कंडक्टर स्वप्नाबाईंची खणानारळानं ओटी भरली गेली. मग भाषण. विजयसिंह रस्त्याच्या इतिहासापासून सुरू झाले. बस निघाली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

मंगळवारी मोहनरावांनी मारुतीच्या पारापाशी बस अडवली. कालचं उद्घाटन हे उद्घाटनच नव्हतं, कारण ते योग्य माणसाच्या हातून झालं नव्हतं, हे त्यांनी विस्तारानं समजावून सांगितलं. पुन्हा नारळ, पुन्हा टॉवेल-टोपी, पुन्हा ओटी. पुढं वाटेवरच्या वस्त्यांनी हे ऐकलं होतं, त्यामुळं त्याही हार घेऊन उभ्या होत्या. सत्कार न घेता बस पुढं नेली असती तर वस्तीचा अपमान झाला असता, आणि परतीची वाट त्याच वस्तीवरून होती. शिवशंकर मुकाट उतरत होता, टोपी घालून घेत होता, परत चढत होता.

बुधवारी दोघांच्याही पुतण्यांनी आपापली उद्घाटनं उरकली. आता बसच्या पुढच्या काचेवर दोन फलक होते आणि त्यांच्या मधल्या फटीतून शिवशंकर रस्ता बघत होता. स्वप्नाबाईंच्या सीटखाली नारळांचं पोतं झालं होतं. वळणावर त्यातले नारळ निसटून गडगडायचे आणि मागच्या सीटवरच्या पोरी पाय वर घ्यायच्या.

त्या दिवशी बबिता कॉलेजात पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. रसायनशास्त्राचे सुंदरराव सर प्रयोगशाळेच्या दारातच भेटले. जीपच्या काळात तिला उशीर झाला की ते काही बोलत नसत, जीपचं काय खरं, असं म्हणून सोडून द्यायचे. आज त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, तुमच्या गावाला बस सुरू झाली ना?

"झाली सर. पण ती तिथून निघतच न्हाई."

"पेपरात फोटो आलाय. दोन दिवस रोज येतोय." त्यांनी चष्मा घातला. "आता बसचं कारण चालणार नाही. उद्या बाहेरगावचे परीक्षक येतायत, मी शब्द टाकू शकत नाही."

संध्याकाळी गावात परतल्यावर तिला कळलं की गुरुवारी मोहनरावांकडं मोठा कार्यक्रम आहे. पारापाशी मांडव, बँड, सगळ्या वस्त्यांचा मिळून एकच सत्कार. विजयसिंहांच्या माणसांनी लगेच वाड्यापुढं दुसरा मांडव घालायला घेतला होता. बबिता रामकिसनच्या घरी जाऊन आली. त्याची जीप पहाटेच कारखान्याला जाणार होती. चालत जायचं म्हटलं तर रात्रीच निघावं लागलं असतं.

घरी तिची माय रतनबाई भाकरी थापत होती. सगळं ऐकून ती म्हणाली की मोहनरावांच्या पाया पड, आडवू नका म्हणावं. बबिता म्हणाली की पाया पडले तर ते मला स्टेजवर बसवतील आणि माझाबी सत्कार करतील. रतनबाईला ते पटलं. मोहनरावांनी मागं एकदा पाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बायांचा असाच सत्कार केला होता.

बबिता थोडा वेळ चुलीपाशी बसली. मग उठली, ओढणी नीट केली आणि विजयसिंहांच्या वाड्याची वाट धरली.

विजयसिंह मांडवाखाली खुर्ची टाकून बसले होते. सटवाची पोरगी म्हणून त्यांनी तिला ओळखलं, मेंढरं कुठं बसवलीत ते विचारलं, शिक्षण कसं चाललंय ते विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत फलक सरळ लावायला माणसाला ओरडले. बबितानं त्यांचं लक्ष परत येईपर्यंत वाट बघितली.

"दादा, एक विचारू का? बस निघायचं उद्घाटन समद्यांनी केलं. पोचायचं कुनी केलं?"

विजयसिंहांनी फलकवाल्या माणसाला हातानंच थांबवलं.

"कॉलेजच्या गेटावर अजून कुनीच न्हाई केलं," ती म्हणाली. "हितं काय, आपलेच लोक टाळ्या वाजवत्यात. तिथं प्राचार्य हायेत, हजारभर पोरं हायेत. पेपरवाले तर तिथंच ऱ्हातात."

"मोहनरावाला ठावं हाय का हे?"

"अजून तरी न्हाई. पन त्यांचा भाचा आमच्याच कॉलेजात हाय."

विजयसिंहांनी मिशीवरून हात फिरवला. पोरं गेटावर कधी असतात, असं त्यांनी विचारलं. दहाच्या आधी, त्यानंतर समदी आत जात्यात आणि मग गेटावर निसता वॉचमन ऱ्हातो, असं बबितानं सांगितलं. विजयसिंह वॉचमनपुढं उद्घाटन करणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी मांडव सोडायला सांगितला आणि प्राचार्यांना फोन लावला.

गुरुवारी बस आली तेव्हा विजयसिंह फेटा बांधून रस्त्यावरच उभे होते. ते चढले आणि शिवशंकरच्या मागच्या सीटवर बसले. तालुका येईपर्यंत कुणासाठी ब्रेक मारायचा नाही, असं त्यांनी बजावलं. शिवशंकरनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मानेवरचा टॉवेल काढून ठेवला. पारापाशी बँडवाल्यांनी बस बघून वाजवायला सुरुवात केली. मोहनराव हार घेऊन रस्त्याच्या मधोमध आले, आणि खिडकीतला फेटा ओळखून तसेच कडेला झाले. बस निघून गेली. बँड थोडा वेळ वाजत राहिला.

वस्त्यांवर हार धरलेले हात दिसले आणि मागं पडले. तेवढ्यात मागून हॉर्न ऐकू आला. भाच्याच्या फोनवरून मोहनरावांना सगळा प्रकार उमगला होता आणि त्यांची गाडी बँडवाल्यांसकट मागं लागली होती. त्यांनी आधी पोचून गेट धरलं असतं तर पोचायचं उद्घाटनही त्यांचंच ठरलं असतं.

"दाब बे," विजयसिंह शिवशंकरला म्हणाले.

ती बस तेवढी पळते हे आगारालाही ठाऊक नसावं. नारळ सीटखालून दारापर्यंत आणि दारापासून सीटखाली फिरत होते. बबिता मनातल्या मनात प्रयोगाच्या पायऱ्या म्हणत होती आणि मधूनच मागच्या काचेतून मोहनरावांची गाडी किती जवळ आली ते बघत होती. ती जवळ येईल तितकं बरं, हे तिला कळून चुकलं होतं.

दहाला अवकाश असतानाच दोन्ही गाड्या एकदम कॉलेजच्या गेटापाशी आल्या आणि एकमेकींना तिरप्या लागून थांबल्या. गेटावर प्राचार्य, प्राध्यापक, पोरं, सगळी उभी होती. विजयसिंह बसच्या दारात जाऊन उभे राहिले. फोटोवाला चहाला गेला होता. तो येईपर्यंत ते उतरायला तयार नव्हते, आणि ते उतरेपर्यंत दुसऱ्या कुणाला उतरता येत नव्हतं. खाली मोहनराव त्यांना उतरू द्यायला तयार नव्हते. बँड पुन्हा सुरू झाला.

"दादा, पेपर हाय," बबिता म्हणाली.

"येईल ना पेपरात, थांब की," विजयसिंह मागं न बघता म्हणाले.

बबिता स्वप्नाबाईंकडं वळली. बाईंनी एकदा दाराकडं बघितलं, एकदा पोरींकडं. मग नारळाचं पोतं पायानं बाजूला सारून त्या मागं गेल्या आणि संकटकाळी बाहेर पडायच्या दरवाज्याची कडी ओढली. कडी गंजली होती. दोघींनी मिळून ओढली.

"ह्यापरीस मोठं संकट कधी येनार हाय," बाई म्हणाल्या. "उतरा गं."

पोरी एकामागून एक उड्या टाकत उतरल्या आणि भिंतीकडेनं आत पळाल्या. बबिता धापा टाकत प्रयोगशाळेत पोचली तेव्हा दार उघडं होतं आणि आत कुणीच नव्हतं. सुंदरराव सर आणि बाहेरगावचे परीक्षक, दोघांनाही प्राचार्यांनी हार धरायला गेटावर बोलावून घेतलं होतं.

ते आले तेव्हा दोघांच्या डोक्यावर गुलाल होता. परीक्षकांच्या हातात नारळही होता, तो कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. सुंदरराव सरांनी घड्याळाकडं न बघता बबिताला विचारलं, आलीस का वेळेवर? मग बसचा उपयोग होतोय म्हणायचा. तिनं मान हलवली आणि ब्यूरेट धुवायला घेतलं. रंग बदलायच्या नेमक्या थेंबाला तिनं तोटी बंद केली.

रात्री सटवा जेवायला आला. पेपर झाला का, एवढंच त्यानं विचारलं. झाला, चांगला झाला, असं ती म्हणाली. सटवानं भाकरी कुस्करली.

"मंग बस आज येळेवर कशी गेली?"

"उद्घाटनाला उशीर होत व्हता, बा."

सटवानं मान डोलावली. नेकनूरवाल्यांना कळवतो, पोरगी अजून शिकती हाय म्हून, असं तो म्हणाला आणि रतनबाईकडं कालवण मागितलं.

शुक्रवारी बस आली, थांबली आणि निघाली. पारापाशी कुणी नव्हतं. स्वप्नाबाईंनी सगळ्यांची तिकिटं फाडली, मग बबिताच्या शेजारी टेकून म्हणाल्या, सुटलो बाई एकदाचे, आता उद्घाटनाला काही उरलं न्हाई.

परतीच्या फेरीचं उद्घाटन अजून कुणीच केलेलं नव्हतं, हे बबिताच्या ध्यानात आलं. पुढच्या सीटवर मोहनरावांचा भाचा बसला होता. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि काही बोलली नाही.