गुळगुळीत गोल

“वा! आजचा तर झकास आलाय,” सर म्हणाले.

“झकास म्हणे. बटाटा आहे तो,” बाई म्हणाल्या, पण टॅबलेट जरा लांब धरून त्या पुन्हा गोलाकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावरचं समाधान काही लपत नव्हतं. “परवापेक्षा बरा आहे ना हो?”

“परवाचा बटाटा होता. हा लिंबाच्या जवळ गेलाय.”

“तुमचं आपलं काहीतरीच.”

बाईंना शाळेत सगळे गोलबाई म्हणायचे, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. फळ्यासमोर उभं राहून, खांद्यापासून हात फिरवून एका फेऱ्यात त्या असा गोल काढायच्या की कंपासपेटीने मान खाली घालावी. मागच्या बाकावरची कार्टी एरवी भूमितीच्या वाऱ्याला उभी राहत नसत, पण तेवढा गोल बघायला माना वर करत. मग एका सकाळी त्याच फळ्यासमोर खडू हातातून गळला आणि पाठोपाठ बाई खाली बसल्या. दवाखान्यातून घरी आल्यावर बोलणं परतलं, पाय परतला. उजवा हात मात्र अर्ध्या वाटेवर रेंगाळला.

आज संध्याकाळी मुख्याध्यापिकांचा फोन यायचा होता. नवीन सत्रात बाई वर्गावर येणार की त्यांच्या जागी दुसरं कुणी नेमायचं, हे आता ठरायलाच हवं होतं. बाईंचं म्हणणं सरळ होतं. हात तयार असेल तर हो, नसेल तर नाही. मुलांसमोर दुसऱ्याच्या दयेवर उभं राहायचं नाही. आणि गेले काही दिवस टॅबलेटवरचे गोल बघून त्यांचं मन ‘हो’कडे झुकलं होतं.

हे गोल काढायचं पान सरांनी स्वतः तयार केलेलं. वह्या-पेनांच्या दुकानावरच्या माडीत सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. वेबपानांची भाषा शिकवायचे. दुनिया कुठल्या कुठे गेली, सरांचे प्रश्न तेच राहिले: यादीतला सर्वांत मोठा आकडा शोधा, दोनदा आलेली नावं काढून टाका, कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्राच्या चौकटीत, चेंडू उड्या मारताना दाखवा. आकडे क्रमाने लावायला सांगितले की यंत्र नवाच्या आधी दहा लावून मोकळं व्हायचं, कारण ते आकड्यांना शब्दांसारखं वाचतं. मुलं चक्रावली की सर खूश. “यंत्राला अक्कल नाही, पण ते सांगितलेलं ऐकतं. आमच्या घरात माझंही तसंच आहे,” हा विनोद प्रत्येक बॅचला ठरलेला असे.

बाई त्या माडीवर पहिल्यांदा आल्या त्या विद्यार्थिनी म्हणून. नोकरी नवी होती, आणि भूमितीचं एक पान करायचं त्यांच्या डोक्यात होतं. सर कॅनव्हासवर अर्धा गोल काढून दाखवत होते. एकशेऐंशी लिहिलं आणि पडद्यावर अख्खा गोल उमटला. सरांनी परत केलं, परत अख्खाच. तेव्हा पहिल्या बाकावरून आवाज आला, “सर, ते अंशात मोजत नाहीये. रेडियनमध्ये द्या ना.” सर कानापर्यंत लाल झाले. अर्धा गोल आला तेव्हा बाई हसल्या. त्या हसण्यावर सर जे गेले ते गेलेच. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कधी क्लासमध्ये एकटे असले की त्यांना तो पहिला बाक दिसायचा आणि उगाचच बरं वाटायचं.

“आणखी एक काढते,” बाई म्हणाल्या.

सरांनी मुद्दामच अशी सोय केली होती की बोट फिरत असताना पडद्यावर काही दिसायचं नाही. बोट उचललं की पूर्ण रेघ उमटायची. लक्ष हातावर राहतं, असं त्यांनी बाईंना सांगितलं होतं. बाईंनी सुरुवात केली. निम्मा फेरा झाला असेल नसेल, तोच त्यांना जबरदस्त उचकी लागली. बोट सटकन उडून पडद्याच्या कडेला गेलं, तिथून परत आलं, आणि त्यांनी तसाच फेरा पुरा केला.

रेघ उमटली. कडेच्या बाजूला जेमतेम एक टेंगूळ होतं.

बाई त्या टेंगळाकडे बघत राहिल्या. मग बोट कडेवर ठेवून म्हणाल्या, “माझं बोट इथवर आलं होतं.”

“असेल थोडंसं...”

“थोडंसं नाही. इथवर. मग रेघ इथं का नाही, सर?”

घरात ‘अहो’चं ‘सर’ झालं की काही खरं नसायचं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मग सगळं सांगून टाकलं. सुरुवातीला कागदावर काढलेल्या त्या रेघा, त्या बघून बाईंचं भिंतीकडे तोंड करून पडणं, जेवण टाकणं. ते त्यांना बघवलं नव्हतं. म्हणून त्यांनी पानाच्या प्रोग्रॅममध्ये थोड्या ओळी घातल्या. बोटाखालचा प्रत्येक बिंदू शेजारच्या दोन बिंदूंच्या मधोमध सरकवायचा, पुन्हा पुन्हा सरकवायचा, की हाताचा कंप रेघेतून निघून जातो. कडू गोळीला साखर लावतात, इतकंच त्यांच्या मनात होतं.

“म्हणजे हे सगळे तुमचे गोल,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, त्याचीच सरांना भीती वाटली. “मी आज फोनवर हो म्हणणार होते. कळतंय का तुम्हाला? तुमच्या गोलाच्या जोरावर मी फळ्यासमोर उभी राहिले असते.”

“अगं, पण तुझे खरे आहेत! एकूण एक ठेवलेत मी. हात बरा झाला की दोन्ही एकावर एक दाखवून तुला हसवणार होतो.”

“दाखवा. आत्ता.”

सर लॅपटॉप घेऊन बसले. खऱ्या रेघा लाल, गुळगुळीत केलेल्या निळ्या, असं त्यांनी ठरवलं. आधी लाल काढल्या, वर निळ्या. पडद्यावर सगळं निळंच. रंग चुकला असेल म्हणून क्रम उलटा केला. सगळं लाल. सरांनी पहिला दिवस उघडला, मधला उघडला, कालचा उघडला. दोन याद्या, पण बिंदू तेच. मग त्यांनी स्वतःच्याच ओळी वर जाऊन वाचल्या, आणि त्यांचे हात थांबले.

“काय झालं?”

“नक्कल केली होती मी,” सर म्हणाले. “यादीची केली. आतल्या बिंदूंची करायची राहिली.”

हा त्यांचा दर बॅचचा धडा होता. यादी नवी झाली तरी तिच्यातल्या वस्तू जुन्याच असतात. कपाट एकच, किल्ल्या दोन. एका किल्लीने उघडून आवराआवर केली की दुसऱ्या किल्लीवाल्यालाही आवरलेलंच कपाट दिसतं. सरांनी एका यादीतले बिंदू सरकवले आणि दुसऱ्या यादीतले खरे बिंदू त्यांच्याबरोबर सरकले. रोज, पहिल्या दिवसापासून.

“गेले?”

“गेले.”

“सगळे?”

सरांनी मान हलवली. मग त्यांना राहवलं नाही. इतक्या महिन्यांचा तिचा हात, ती थरथर, तो हट्ट आपणच पुसला, या विचाराने ते लहान मुलासारखे रडले. बाईंना राग होता, पण समोरच्या माणसावर तो धरवत नव्हता.

“या चुकीला मार्क कापायचात ना तुम्ही?”

“कापायचो.”

“किती?”

“सगळे.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “आता त्या ओळी काढून टाका.”

सरांनी काढल्या. बाईंनी पान पुन्हा उघडून घेतलं आणि बोट टेकवलं. या वेळी बराच वेळ लागला. बोट उचललं तेव्हा पडद्यावर जे आलं त्याला गोल म्हणायला कुणी धजलं नसतं. रेघ पायऱ्यांसारखी तुटत उतरली होती, खाली एका जागी अडखळून तिचा गुंता झाला होता, आणि शेवटचं टोक सुरुवातीला चुकवून भलतीकडेच गेलं होतं. एखाद्या मुलाचा पेपर तपासावा तसं बाईंनी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं.

फोन वाजला.

“हो, मीच बोलतेय,” बाई म्हणाल्या. “नाही, या सत्रात नको. तुम्ही नेमा दुसरं कुणी. चांगली बघा मात्र, नववीची मुलं वांड आहेत... नाही नाही, वाईट कशाला वाटेल?... हात अजून तयार नाही हो. मला वाटलं होतं, झालाय.”

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. सरांना त्यांच्याकडे बघायचा धीर होईना. त्यांनी हळूच टॅबलेट बाजूला घ्यायला हात पुढे केला.

“थांबा. ठेवलात का तो?”

“हा?”

“मग कुठला? तारीख घाला आणि ठेवा. हा पहिला.”

सरांनी नवीन यादी केली आणि तो ठेवला. बाईंनी उजवा हात डाव्या हाताने उचलला, टेबलावर नीट बसवला, आणि दुसरा गोल काढायला घेतला.