मावशीची करंगळी

“माझी करंगळी जाते बघ यातून,” मावशी म्हणाली. तिने मी विणलेल्या सशाच्या गालावरची लोकर दोन बोटांनी फाकवली आणि खरंच करंगळीचं टोक आत घातलं. “करंगळी जाते तिथून डोळाही येईल. दोऱ्याने भर डोळे. बाळाच्या हातात जाणारी वस्तू आहे.”

मी हसले. मावशीने लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून तीस वर्षं काढली आहेत. तिला फुगासुद्धा आधी फुटलेलाच दिसतो.

“तुला सगळीकडे दवाखाना दिसतो गं,” मी म्हटलं. “या डोळ्यांना आतून चकती असते, खटकन बसते. मी स्वतः ओढून पाहिलंय.”

“तू ओढलंस. दात येणाऱ्या पोराने नाही ओढलं.”

विषय तिथेच राहिला. मला त्या दिवशी आणखी दोन ससे पाठवायचे होते.

मी बेफिकीर आहे असं माझ्या ओळखीचं कुणीही म्हणणार नाही. आमच्या टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावलेलं आहे. मुलगी झोपलेली असली की तिचं पोट वरखाली होतंय ना, हे मी येता-जाता बघते. “हिचं चाललं तर भिंतींनाही उशा बांधेल,” असं नवरा पाहुण्यांना सांगतो.

पहिला ससा मी तिच्यासाठीच विणला, सातव्या महिन्यात, आडवी पडून. क्रोशाची बारीक सुई, घट्ट टाके, डोळे काळ्या दोऱ्याचे. मुलगी त्याला कान धरून घरभर फरपटत नेते, तरी त्याचा एक टाका हललेला नाही. तो बघून शेजारणीने एक मागितला. मग तिच्या बहिणीने, मग बहिणीच्या ऑफिसातल्या दोघींनी. नोकरी सोडल्यापासून ‘सध्या काय करता?’ या प्रश्नाला मी नुसती हसायचे. आता माझ्याकडे उत्तर होतं.

आणि धंदा म्हटला की घाई आली. माझ्या हातात मुलीच्या दुपारच्या झोपेचा दीड तास. बारीक सुईने एका सशाला चार झोपा लागायच्या. मी दोन नंबर मोठी सुई घेतली, दोन झोपांत ससा उभा राहायला लागला. दोऱ्याच्या डोळ्यांबद्दल एक बाई म्हणाल्या, “फोटोत पेंगुळलेला दिसतो हो.” म्हणून चकचकीत काळे डोळे आणले. त्या डोळ्यांनी ससा कसा अगदी आपल्याकडे बघायला लागला! मागणी वाढली. याला मी प्रगती म्हणत होते.

मग एका सकाळी मेसेज आला. सोबत फोटो. ‘ताई, आमच्या सशाचा एक डोळा हरवलाय. नवीन लावून द्याल का? तसा एका डोळ्याचाही गोड दिसतो!’

मी लगेच फोन लावला.

“डोळा कुठे आहे?”

“पडला असेल कुठेतरी. घाई नाही हो, सवडीने द्या.”

“बाळ कुठे आहे?”

“हे काय, मांडीवर. का हो?”

“खोकतंय का? दूध नीट प्यालं का?”

पलीकडे सरकवलेल्या खुर्चीचा आवाज, कुणाला तरी मारलेली हाक, बाळाचं रडणं. मी फोन कानाला धरून मोरीजवळ उभी होते. नळ चालू आहे हे मला नंतर कळलं. सात-आठ मिनिटांनी त्या धापा टाकत आल्या. “सापडला! कपड्यांच्या मशीनच्या जाळीत होता. काल धुतला होता ना ससा... अहो, तुम्ही रडताय का?”

दुपारी मी तयार ठेवलेला एक ससा मशीनमध्ये धुतला, वाळवला, आणि दाराला कडी लावून त्याचा डोळा दातांत धरून ओढला, आमची मुलगी ओढेल तसा. तिसऱ्या हिसक्याला तो माझ्या तोंडात आला. चकती जागच्या जागी, घट्ट बसलेली. तिचा दोष नव्हताच. धुतल्यावर माझी सैल वीणच फाकली होती, आणि त्यातून डोळा चकतीसकट बाहेर पडला होता. सशाच्या गालाला पडलेल्या भोकात मी करंगळी घातली. दुसऱ्या पेरापर्यंत गेली.

मावशीला फोन केला. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य ऐकायची मी तयारी ठेवली होती. तिने एवढंच विचारलं, “असे किती दिलेस?”

“चौतीस.”

“मग बसलीस काय? ऊठ.”

मागणीच्या वहीत नंबर होते. मी एकेकाला फोन करत गेले. “ससा बाळाजवळ असेल तर आत्ता काढून घ्या. मी बदलून देते.” एकजण म्हणाले, “अहो, आमचा तर कपाटावर बसलाय, शोभेला.” एका आईने थंड आवाजात विचारलं, “तुमच्या मुलीला असा दिला असतात का?” मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझ्या मुलीचा ससा माझ्यासमोरच पडला होता, दोऱ्याच्या डोळ्यांचा.

चार दिवसांत तेहतीस ससे घरी आले किंवा त्यांचे डोळे माझ्यासमोर कापले गेले.

“झालं की गं बहुतेक,” नवरा म्हणाला.

“चौतिसाव्या घरात बाळ नाही का?”

त्याने वही पुढे ओढली.

चौतिसावा वहीत नाही. तो मी आठ महिन्यांपूर्वी एका शाळेच्या सभागृहात, टेबल मांडून विकला. घेणारे एक उंच आजोबा होते, डावखुरे, चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेली. “पिशवी नको,” म्हणाले आणि ससा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, डोकं बाहेर राहील असा. “दोन महिन्यांनी आजोबा होतोय. पहिली भेट माझीच पाहिजे. तिकडच्या आजोबांच्या आधी!” आम्ही दोघं हसलो. आणि मी म्हटलं, “पहिल्या दिवसापासून उशाशी ठेवा, काही होत नाही.”

हे मी म्हटलं.

शाळेत जाऊन आले. शिपायाने फळ्यावर माझी चिठ्ठी लावली, फोन अजून आलेला नाही. आता मी पुन्हा बारीक सुईने विणते, चार झोपांना एक ससा. मावशी येते, चहाच्या आधी प्रत्येक सशाला करंगळी लावते, आणि जाते तिथे मी उसवते. पण ते बाळ आता सहा महिन्यांचं असेल. या वयात जे हातात, ते तोंडात.

म्हणून तुम्हाला सांगते. ससा राखाडी आहे, डावा कान दुमडलेला, गळ्यात मोहरीच्या रंगाचा मफलर. तुमच्या इमारतीत, नात्यात, ऑफिसातल्या कुणाकडे सहा महिन्यांचं बाळ असेल तर आज जाऊन या. काहीतरी निमित्त काढा. बाळाच्या उशाशी बघा. ससा असला तर त्याचे डोळे मोजा, आणि दोन्ही असले तरी कात्रीने कापून घ्या. आजोबा रागावतील. रागावू देत.